तारेनं बांधलेल्या दोन वाट्या

भुसावळात ‘लव्ह बर्ड’ मागितले की बहुतेक वेळा हातात बजरीगर पडतात, म्हणजे वेगळेच छोटे पोपट. मीही आधी तेच आणले होते. ते ऑस्ट्रेलियाचे. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेकडचे, जाती 9, त्यातली एक मादागास्करची. माझ्याकडची जोडी गुलाबी तोंडाची, कंबरेवर लख्ख निळी. यांचं मूळ घर नामिबिया-अंगोलाचा कोरडा मुलूख.

कोरड्या मुलखातले, म्हणून आपला उन्हाळा त्यांना बाधणार नाही असं मी धरून चालले होते. गेल्या मे महिन्यात जळगावला लग्नाला गेलो. दुपारी घरी येऊन बघते तर पाण्याची वाटी उपडी, आणि दोघं चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकताहेत. मी तिथंच रडायला लागले. आई म्हणाली, “आधी पाणी दे गं त्यांना, मग रड.” वाटी भरली, कूलर लावला, पिंजऱ्यावर ओला टॉवेल टाकला. मादी किती वेळ पीत राहिली! दोघं वाचले.

रानात हे पक्षी पाणवठ्यापासून फार लांब जातच नाहीत. खाणं कोरड्या बियांचं, त्यामुळे पाणी रोज लागतंच; दिवसातून कितीदा तरी थव्यानं पाण्यावर उतरतात. अमेरिकेत फिनिक्सला पिंजऱ्यातून सुटलेल्यांची पिल्लावळ वाढली आहे. उन्हाळ्यात ते तिथल्या विद्यापीठाच्या इमारतीतून गार हवा बाहेर पडते त्या झडपांवर जाऊन बसतात. तहान लागली, उकडलं, तर ते उडून जातात. माझ्या दोघांना जायला जागाच नव्हती. हे अजून मनातून जात नाही.

आता दोन वाट्या आहेत, दोन्ही तारेनं घट्ट बांधलेल्या. दुपारी घरात कोणी ना कोणी असतंच.

मावशीच्या मळ्यातून केळीचं वाळलेलं पान आणते. मादी पानाच्या कडेनं चोचीनं टोचत जाते, तिकीट फाडावं तशी सरळ पट्टी सुटते. मग मान पूर्ण मागं वळवून ती पट्टी कंबरेच्या पिसांत खोचते. एकीवर एक अशा चार-पाच. फिशर जातीचे लव्ह बर्ड चोचीत धरून नेतात, ही पाठीवर वाहते. घरट्याच्या खोक्यापर्यंत पोचेस्तोवर निम्म्या गळतात. काल एक वाटीत पडली. तिनं वाकून आधी पाणी प्यायलं, मग पट्टी उचलली.