आभाळ निरभ्र, घळ बंद

ॲरिझोनात वाळवंट बघायला आलेल्या माणसाला ‘पावसामुळे बंद आहे’ असं सांगायचं, आणि तेही डोक्यावर ढगाचा तुकडा नसताना, इथे टूर मॅनेजरचा खरा कस लागतो. आमच्या ब्रोशरच्या पहिल्याच पानावर अँटिलोप कॅनियनचा फोटो आहे. केशरी-जांभळ्या खडकाची अरुंद घळ, वरच्या फटीतून थेट वाळूवर उतरलेला उन्हाचा झोत. निम्मं बुकिंग त्या फोटोवर होतं. हूवर धरण, ग्रँड कॅनियन वगैरे सगळं ‘असतंच’. ही घळ मात्र लोकांना हवीच असते.

ऑगस्टचा ग्रुप होता. तीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. मुलं-नातवंडं अमेरिकेत, त्यांच्याकडे जाता जाता टूर जोडून घेतलेली. फिनिक्सला विमानतळाबाहेर पडल्या पडल्या भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ लागली. (२०२३ च्या उन्हाळ्यात या शहरात सलग ३१ दिवस रोज दुपारी पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश सेल्सिअस किंवा त्याच्याही वर जात होता, आम्हाला त्या मानाने बरा दिवस मिळाला होता.) अशा उन्हात उभं राहून मी सांगितलं, की मंडळी, इथे सध्या मान्सून चालू आहे. सगळे हसले. पण इथलं हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळ मान्सूनचाच धरतं. आपल्यासारखा तो दिवसच्या दिवस झिरपत नाही. कुठेतरी एका डोंगरावर तासाभरात सगळा कोसळतो आणि शेजारच्या गावाला पत्ताही नसतो.

दुसरी सूचना घड्याळाची. ॲरिझोना १९६८ पासून उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही. नवाहो या इथल्या मूळनिवासी लोकांचा प्रदेश मात्र ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलेला, म्हणून ते करतात. त्या प्रदेशाच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, ते करत नाहीत. पेज या गावात उभं राहिलं की फोन कधी इकडचा टॉवर पकडतो, कधी तिकडचा, आणि वेळ एका तासाने उडी मारते. “फोन बघू नका, मला विचारा,” असं मी रोज सांगते. तरी एक काका भल्या पहाटे आंघोळ करून लॉबीत येऊन बसतातच.

त्या सकाळी उन्हं चढायच्या आत हॉर्सशू बेंड उरकलं. पार्किंगपासून कड्यापर्यंत जेमतेम किलोमीटरभर चाल, आणि खाली हजार फुटांवर कोलोरॅडो नदीने घेतलेलं हिरवंगार वळण. कठडा थोड्याच भागाला आहे, त्यामुळे मला दृश्य कधी बघायलाच मिळत नाही. मी माणसं मोजत असते. नागपूरच्या एका मावशींनी खास घळीतल्या फोटोसाठी मोरपिशी पैठणी नेसली होती, त्यावर स्पोर्ट्स शूज. घळीतला उन्हाचा झोत दुपारच्या सुमारास उतरतो, म्हणून अकराची वेळ महिनोन् महिने आधी, जास्त पैसे भरून घेतली होती.

अँटिलोप कॅनियन नवाहोंच्या मालकीचं. नवाहो गाइडशिवाय कुणालाही आत पाऊल टाकता येत नाही. महामार्गालगतच्या तळावर पोचलो तेव्हा गाड्या ओळीने उभ्या, पण एकही हलत नव्हती. आमची गाइड चाळिशीची बाई, कानात निळ्या फिरोजाचे डूल, हातात वॉकीटॉकी. तिने मला बाजूला घेतलं आणि शांतपणे म्हणाली, आज नाही. रात्री दक्षिणेला वादळ झालंय, पहाटेपर्यंत रेंगाळलंय. हवामान खात्याचा इशारा आहेच, शिवाय तिच्या घरून फोन आला होता: त्यांच्या दारातला कोरडा ओढा वाहायला लागलाय.

मी वर बघितलं. निळंशार आकाश. दक्षिणेला क्षितिजावर एक राखाडी रेघ, तीही दाखवली म्हणून दिसली.

बसमध्ये शिरून सांगितलं आणि अपेक्षेप्रमाणे भडका उडाला. “ताई, ऊन बघा बाहेर! कुणाला मूर्ख बनवताय?” “निम्म्या लोकांना तरी नेऊ दे.” “आपण लेखी द्यायचं, आमच्या जबाबदारीवर जातो म्हणून.” एका काकांनी अमेरिकेतल्या मुलाला फोन लावून स्पीकरवर टाकला, मुलगा बिचारा मीटिंगमध्ये. मावशी काही बोलल्या नाहीत, नुसता पदर सारखा करत बसल्या. मला तेच जास्त लागलं.

मागच्या सीटवर साताऱ्याकडचे एक काका होते, जलसंपदा विभागातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. एरवी फार न बोलणारे. ते उठले आणि म्हणाले, “त्या बाईंना विचारा, हिचं पाणलोट कुठवर जातं?”

मी खाली उतरून विचारून आले. तिने दक्षिणेकडे हात केला आणि मैलांत आकडा सांगितला. काकांनी बाकरवडीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, पेन काढलं, आणि सीटच्या पाठीवर ठेवून रेघा मारायला लागले. वर पसरट पंख्यासारखा भाग, त्यातून चार-पाच नाले, सगळे एका बारीक मानेत येऊन मिळणारे, आणि मानेपाशी फुली. “ही आपली घळ. वर सगळा उघडा खडक आन् कडक झालेली माती. झाड नाही, शेत नाही, मुरायला जागा नाही. पडलेला थेंब् न् थेंब धावणार. पंख्यावर बोटभर पाणी पडलं तरी या मानेत पुरुषभर चढतं. आणि मान किती रुंद?” मी म्हटलं, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. वर भिंत शंभर फुटांच्या पुढे. “मग झालं,” ते म्हणाले. “पळायला कुठं जागाय?”

१९९७ ची हकिकत मी एरवी टूर संपल्यावर सांगते, लोक उगाच धास्तावतात म्हणून. त्या दिवशी तिथेच सांगितली. १२ ऑगस्टचा दिवस, याच ओढ्याची खालची घळ. घळीवर पाऊस जवळपास नव्हताच. वादळ काही मैल वर झालेलं. लोंढा आला आणि आत असलेले ११ पर्यटक गेले. त्या काळी उतरायला लाकडी शिड्या होत्या, त्याही वाहून गेल्या. आता खडकात बोल्ट ठोकून बसवलेले लोखंडी जिने आहेत, आणि वेळ आली की आजच्यासारखा ‘नाही’ म्हणून दरवाजा लावतात. बसमध्ये कुजबुज थांबली. मुलाचा फोन स्पीकरवर चालूच होता, तोच तिकडून म्हणाला, “बाबा, जाऊ नका.”

ऑफिसशी परताव्याचं बोलण्यात, पर्याय शोधण्यात अर्धा-पाऊण तास गेला. साडेअकराच्या सुमाराला गाइड बाईने हाक मारली. तळापासून जरा उंचावर, ओढ्यापासून चांगलं लांब तिने आम्हाला उभं केलं. आधी काहीच दिसेना. मग रेल्वे लांबून यावी तसा आवाज, आणि कोरड्या वाळूवरून पाण्याची जीभ पुढे सरकत आली. पाणी म्हणायचं एवढंच. पुढे सगळा कचराच होता. ज्युनिपरच्या फांद्या, वाळकी झुडपं, एक निळा प्लास्टिकचा डबा, त्यावर तपकिरी फेस. फेसाच्या मागून लाल गाळ, दाट, पिठल्याच्या रंगाहून गडद. पाच मिनिटांत ओढ्याचा तळ दिसेनासा झाला. ओल्या मातीचा वास आला आणि कुणीतरी नकळत “अहा” म्हणालं, मग ओशाळून गप्प झालं. याच वाटेने ट्रक आम्हाला घळीच्या तोंडापर्यंत नेणार होते. अकराची वेळ होती, म्हणजे आम्ही त्या क्षणी आतच असतो. हे सांगायची गरज कुणालाच पडली नाही. ‘लेखी देतो’ म्हणणारे काका गाइड बाईपाशी गेले, हात जोडले आणि खिशातून राजगिऱ्याची वडी काढून तिला दिली. तिनेही तिथेच खाऊन टाकली.

रिकामा झालेला दीड तास अभियंता काकांनी परस्पर ताब्यात घेतला. पेज हे गाव मुळात धरणाच्या कामगारांसाठी १९५७ मध्ये वसवलेलं. ते ग्लेन कॅनियन धरण दहा मिनिटांवर. ब्रोशरमध्ये ते ‘बसमधून दर्शन’ एवढंच आहे. त्या दिवशी आम्ही पुलावरून चालत गेलो. नदी खाली सातशे फूट. २१६ मीटर उंचीची काँक्रीटची कमान दोन लाल कड्यांमध्ये पाचरीसारखी बसवलेली. “आपलं कोयना १०३ मीटर,” काका म्हणाले, आणि हा निम्म्याहून कमी आकडा त्यांनी अशा थाटात सांगितला की ऐकणाऱ्याला कोयनाच मोठं वाटावं. मागच्या लेक पॉवेलच्या कडांवर पांढरा पट्टा दिसतो, पूर्वी पाणी तिथवर होतं त्याची खूण. १९६३ मध्ये भरायला सुरुवात झालेला हा जलाशय काठोकाठ भरायला १९८० उजाडलं. आता वर्षानुवर्षांच्या दुष्काळाने आणि उपशाने पाणी कितीतरी खाली गेलंय. सकाळचा लोंढा शेवटी याच तलावात येऊन पडणार होता. “एवढ्यानं काय होतंय,” म्हणून काकांनी चष्मा पुसला.

मग ८९ नंबरचा रस्ता धरला. ॲरिझोनातला माझा सगळ्यात आवडता रस्ता हाच, सेडोनाकडच्या नावाजलेल्या वळणांपेक्षाही. पेजहून दक्षिणेला जरा गेलं की तो एको क्लिफ्सच्या कड्याला खाच पाडून उतरतो. (२०१३ मध्ये इथेच डोंगर घसरून रस्ता खचला होता, दोन वर्षं बंद होता.) उतरताना उजवीकडे अफाट सपाट माळ दिसतो आणि माळाला मधोमध तडा गेलेला. तो तडा म्हणजे कोलोरॅडो नदी. ग्रँड कॅनियनची सुरुवात. पुढे कॅमेरॉनपर्यंत राखाडी, गुलाबी, वांगी रंगाच्या मातीच्या टेकड्या. जेवायला थांबलो तिथे शाकाहारींसाठी नवाहो टाको मटणाशिवाय सांगितला: तळलेली फुगीर रोटी, वर राजमा. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने या लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या छावणीत नेलं. तिथे शिध्यात मैदा आणि चरबी मिळायची, त्यातून ही रोटी आली असं सांगतात. मावशींनी पैठणीवर नॅपकिन पसरून ती खाल्ली, आणि शेजारच्या लिटल कोलोरॅडोवर जुन्या झुलत्या पुलापाशी आपणहून उभ्या राहिल्या. एरवी कोरडीठाक असणारी ती नदीही त्या दिवशी लाल गाळाने भरून चालली होती. फोटो झकास आला.

ग्रँड कॅनियनच्या काठावरच्या डेझर्ट व्ह्यूला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते, आणि त्यावर वाद नव्हता, कारण नवाहो प्रदेश मागे पडला होता. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी १९३२ मध्ये बांधून घेतलेल्या दगडी मनोऱ्यावर निम्मे चढले, निम्म्यांनी गुडघ्यांचा मान राखला. खालच्या खोऱ्यातल्या एका शिखराला क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात ‘विष्णू टेंपल’ असं नाव दिलंय, ‘शिवा टेंपल’ही आहे, हे सांगितल्यावर पुढची वीस मिनिटं सगळे दुर्बिणीतून देव शोधत होते.

रात्री हॉटेलवर दिवसाचा अहवाल भरला. ‘रद्द स्थळाचे कारण’ या रकान्यात ‘पूर’ लिहिलं. आभाळ निरभ्र असल्याचे फोटो सकाळीच कुणीतरी ग्रुपवर टाकलेले होते, तेव्हा पुरावा म्हणून काकांच्या पुठ्ठ्याचा फोटो काढून जोडला. मुंबई ऑफिसातून तासाभरात उत्तर आलं: नकाशा छान आहे, पण परताव्याची पावती पाठवा.