गच्चीवरचं निळं पाणी

भाचीच्या शाळेत सायन्स एक्झिबिशन होतं आणि भाचीबाईसाहेबांना "उन्हाने घाण पाणी साफ करा" असलं काहीतरी करायचं होतं, मामा केमिस्ट्रीवाला म्हणजे काय गिऱ्हाईक आयतंच. आम्ही राहतो कामोठ्याला, तळोजा एमआयडीसी तशी जवळच, २०१७ ला तिकडे कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री फिरताना दिसली होती ते आठवत असेल, म्हणून मग पाणीही निळंच घ्यायचं ठरलं.

फिश टँकच्या दुकानातून मेथिलीन ब्लू हा निळा रंग आणि हार्डवेअरवाल्याकडून रंगात घालायची पांढरी पावडर, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, आणली. या पावडरीवर अल्ट्राव्हायोलेट पडला की आतला इलेक्ट्रॉन वर उडतो, मागे रिकामी जागा राहते तिला होल म्हणतात, ते होल पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा एक भुकेला तुकडा बनवतं आणि तो रॅडिकल दिसेल त्या सेंद्रिय (म्हणजे कार्बनवाल्या) रेणूचे लचके तोडत सुटतो. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी ह्याच पदार्थावर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं होतं. म्हटलं आपल्याला तर फक्त रंग घालवायचाय!

निळ्या पाण्याचे दोन ग्लास गच्चीवर ठेवले, एकात पावडर, एक नुसता. संध्याकाळी बघतो तर दोन्ही सारखेच विटलेले (मेथिलीन ब्लू उन्हात आपणहूनही थोडं उडतं). पोरीचं तोंड एवढंसं झालं. रात्री जेवताना माझी ट्यूब पेटली, अरे रंगवाले त्या कणांवर मुद्दाम सिलिका, अॅल्युमिनाचा थर चढवतात, नाहीतर ही पावडर उन्हात भिंतीवरचा रंगच खाईल आणि हात लावला की खडूसारखी पूड येईल. म्हणजे आम्ही तोंड बांधलेलं जनावर आणून त्याला चाव म्हणत होतो.

मग प्लॅन बी. ९ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीची दोन शिसं, चमचाभर मीठ. थोड्या वेळात निळं गायब.

"मामा, झालं साफ!"

"पितेस का?"

वास घेतला तर स्विमिंग पूलचा. मिठातल्या क्लोराइडचं क्लोरीन होऊन पाण्यात ब्लीच तयार झालं होतं. रंग गेला म्हणजे रेणूचा रंग देणारा भाग तुटला एवढंच, बाकी तुकडे तिथेच, वर काहींना क्लोरीन चिकटलं तर ते मूळ रंगापेक्षा वाईटही असू शकतात. कारखान्यांचं पाणी पण बऱ्याचदा खारट असतं, त्यामुळे बिनरंगी ग्लासचा फोटो दाखवून कोणी टाळ्या मागितल्या की मी आधी विचारतो, पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला ते सांगा.

मला स्वतःला आवडतं ते ऊन आणि वीज या दोन्हीचं लग्न. टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर पत्र्यावर किंवा वीज वाहणाऱ्या काचेवर द्यायचा आणि थोडं व्होल्टेज लावायचं, म्हणजे उडालेला इलेक्ट्रॉन परत होलमध्ये पडायच्या आत वायरने ओढून न्यायचा. एरवी बहुतेक इलेक्ट्रॉन परतच पडतात आणि मेहनत वाया. शिवाय पावडर गाळत बसायची कटकट नाही. पण उन्हात अल्ट्राव्हायोलेट असतो जेमतेम ४-५ टक्के, आणि काळ्या नाल्याच्या पाण्यात प्रकाश शिरणार कुठून? त्यामुळे आधी बॅक्टेरियाने जमेल तेवढं खायचं, त्यांना न पचणारं शेवटी ह्याच्याकडे.

एक्झिबिशनला भाचीने तिन्ही ग्लास मांडले, फसलेले सुद्धा. तिसऱ्यावर चिठ्ठी होती, "स्वच्छ दिसतंय, पिऊ नये."