एकूण किंमत ९४ लाख कोटी: ग्रंथसूची प्रकल्प आणि नेमस्पेसची सफाई

पुस्तकांची सूची ठेवणारा माझा प्रोग्रॅम पर्ल या भाषेत आहे. मागच्या नोंदीत ठरवल्याप्रमाणे त्यातला ‘कपाट’ हा अवाढव्य क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणारा साचा) मोडला आणि किमतींचा सगळा हिशेब ‘किंमतपट’ या नव्या क्लासकडे सोपवला. त्यानंतर काढलेल्या पहिल्याच गोषवाऱ्यात एका कपाटातील पुस्तकांची एकूण किंमत सुमारे ९४ लाख कोटी रुपये निघाली. प्रोग्रॅम पुन्हा चालवला की आकडा बदलत होता, मात्र दर वेळी तो १४ अंकी असे. स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज या चुका दाखवणाऱ्या दोन्ही सोयी चालू असूनही पर्लने चकार शब्द काढला नाही.

आकडा धावेगणिक बदलतो आणि तरीही त्याच पट्ट्यात राहतो, म्हणजे तो मेमरीतील पत्ता असणार, हा पहिला अंदाज होता आणि तो खरा ठरला. क्लास फोडताना ‘सम’ (बेरीज) ही मेथड, म्हणजे क्लासच्या ऑब्जेक्टवर (साच्यातून बनलेल्या वस्तूवर) चालणारे फंक्शन, ‘किंमतपट’कडे गेली होती, पण पृष्ठसंख्येच्या बेरजेसाठी ‘लिस्ट::युटिल’ या तयार मॉड्यूलमधून इम्पोर्ट केलेले ‘सम’ हे फंक्शन ‘कपाट’मध्ये होते. पर्लमध्ये मेथड आणि फंक्शन यांच्यासाठी वेगवेगळी जागा नसते. पॅकेजच्या (एका नावाखालील कोडच्या गटाच्या) सिम्बॉल टेबलात, म्हणजे त्या नेमस्पेसमधील नावांच्या यादीत, त्या नावाचे कोड आहे का, एवढेच मेथड शोधताना पाहिले जाते. त्यामुळे ऑब्जेक्टवर ‘सम’ मागितल्यावर ‘लिस्ट::युटिल’च्या फंक्शनला एकच आर्ग्युमेंट मिळाले, ते म्हणजे तो ऑब्जेक्ट, आणि एका रेफरन्सची (मेमरीतल्या वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या मूल्याची) बेरीज म्हणजे त्याचा पत्ता, हे उत्तर त्याने निमूटपणे दिले.

याहून गंभीर गोष्ट ‘गोषवारा’ या रोलची, म्हणजे अनेक क्लासना जोडता येणाऱ्या मेथडींच्या संचाची, आहे. ‘सम’ ही मेथड असलीच पाहिजे, अशी अट त्या रोलमध्ये ‘रिक्वायर्स’ने घातलेली आहे, आणि मेथड दुसरीकडे गेल्यावर रोल जोडतानाच प्रोग्रॅम थांबावा, हाच त्या अटीचा हेतू होता. परंतु ही तपासणीदेखील ‘कॅन’वरच, म्हणजे ‘ही मेथड येते का’ या प्रश्नावरच, चालते, आणि ‘कॅन’ला इम्पोर्ट केलेले फंक्शन व लिहिलेली मेथड यांतला भेद कळत नाही. अट कागदोपत्री पूर्ण झाली आणि चूक थेट छापील गोषवाऱ्यापर्यंत पोहोचली. सहज म्हणून ‘कपाट’ला आणखी काय काय ‘येते’ ते विचारून पाहिले, तर ‘क्रोक’ येत होते, ‘फर्स्ट’ येत होते, आणि क्लास लिहायला मदत करणाऱ्या ‘मू’ या मॉड्यूलने आणून ठेवलेली ‘हॅज’, ‘विथ’ व ‘अराउंड’ ही मंडळीसुद्धा मेथड म्हणून हजर होती.

उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे: सगळ्या इम्पोर्टनंतर आणि स्वतःच्या मेथडींच्या आधी ‘यूज नेमस्पेस::क्लीन’ ही एक ओळ लिहायची. त्या ओळीपर्यंत पॅकेजात आलेली सर्व फंक्शने संकलन (कोड चालण्याआधीची तयारी) संपताना सिम्बॉल टेबलातून काढली जातात. आतल्या कोडमधील हाका (फंक्शन वापरणाऱ्या ओळी) मात्र संकलनाच्या वेळीच जोडल्या गेलेल्या असल्याने चालू राहतात. ती ओळ टाकताच ‘गोषवारा’ लावता येत नाही, ‘सम’ नाही, असा स्पष्ट संदेश देऊन प्रोग्रॅम कोसळला. प्रोग्रॅम कोसळल्याचा इतका आनंद क्वचितच होतो. ‘सम’ची हाक ‘किंमतपट’कडे वळवली आणि एकूण किंमत एकदाची माणसात आली.

‘नेमस्पेस::ऑटोक्लीन’ हे तशाच कामाचे दुसरे मॉड्यूल का नाही, असा प्रश्न येणारच. ते मॉड्यूल बाहेरून आलेली फंक्शने स्वतः ओळखून काढते, त्यामुळे ओळ कुठे लिहावी याची काळजी राहत नाही. पण त्याच पॅकेजात लिहिलेले मदतनीस फंक्शन त्याच्या दृष्टीने मेथडच असते, म्हणून ते तसेच राहते. शिवाय ‘मू’च्या क्लासमध्ये रोल ‘बिगिन’ ब्लॉकमध्ये (संकलनाच्या वेळीच चालणाऱ्या भागात) जोडला, तर रोलकडून आलेल्या मेथडीही काढल्या जाण्याचा धोका त्याच्याच दस्तऐवजात नोंदवलेला आहे. अंदाज बांधणाऱ्या साधनापेक्षा मी आखलेली रेघ पाळणारे साधन मला बरे वाटते.

यानंतर जे घडले त्याने मात्र खरोखर डोके फिरवले. ‘पर्ल -सी’ने (प्रोग्रॅम न चालवता केलेल्या तपासणीने) फाइल निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला, गोषवारा नीट छापला गेला, आणि शीर्षकांची अकारविल्हे यादी मागताच ‘मराठी_क्रम’ हे सॉर्ट सबरूटीन (क्रम ठरवणारे फंक्शन) अस्तित्वातच नाही, अशी तक्रार करून प्रोग्रॅम थांबला. हे फंक्शन माझ्या ‘साधने’ या मॉड्यूलमधून येते. ‘युनिकोड::कोलेट::लोकेल’ या मॉड्यूलचा मराठी क्रम वापरून ते दोन शीर्षकांची तुलना करते, जेणेकरून ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून न येता ‘ह’नंतर येतो आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ शेवटी राहतात. त्याच फाइलमध्ये, थोडे वरच्या बाजूला, दुबार नोंदी शोधताना हेच फंक्शन नेहमीच्या पद्धतीने, कंसात दोन शीर्षके देऊन वापरलेले आहे, आणि तिथे ते बिनतक्रार चालत होते.

पहिला संशय अर्थातच ‘$अ’ आणि ‘$ब’वर, म्हणजे सॉर्टच्या त्या दोन पॅकेज-चलांवर गेला. तुलना करणारे फंक्शन दुसऱ्या पॅकेजात असेल, तर ते स्वतःच्या पॅकेजातील रिकामी चले पाहत बसते. पण दोन डॉलरांचा प्रोटोटाइप देऊन, म्हणजे दोन्ही शीर्षके थेट आर्ग्युमेंट म्हणून घ्यायला लावून, तो प्रश्न पूर्वीच मिटवला होता, आणि तसेही तिथे क्रम चुकला असता, फंक्शन नाहीसे झाले नसते. मग ‘क्लीन’ची ओळ वर-खाली हलवून पाहिली. ती ‘साधने’च्या इम्पोर्टच्या वर नेली की यादी नीट येई, पण ‘मराठी_क्रम’ पुन्हा मेथड होऊन बसे.

उत्तर ‘क्लीन’च्या दस्तऐवजातच, उशिरा होणाऱ्या जोडणीविषयीच्या परिच्छेदात होते. नेहमीच्या हाकेत सिम्बॉल टेबलातील नोंदीशी संकलनाच्या वेळीच थेट जोडणी होते, त्यामुळे नंतर टेबलातून नाव पुसले तरी बिघडत नाही. ‘सॉर्ट’ या शब्दानंतर फंक्शनचे नुसते नाव लिहिले, तर पर्ल ते नाव फक्त जवळ ठेवते आणि प्रत्यक्ष सॉर्ट करायची वेळ आली की टेबलात शोधायला जाते. तोवर ‘क्लीन’ने झाडून साफ केलेले असते. ‘पर्ल -सी’ला काहीच खटकले नाही, तेही यामुळेच, कारण नाव शोधण्याची वेळच आलेली नव्हती.

यातून वाट काढण्याचे दोन मार्ग आहेत. एकात फंक्शनचा रेफरन्स आधी एका साध्या स्केलर (एकच मूल्य ठेवणाऱ्या) चलात घ्यायचा आणि ‘सॉर्ट’ला ते चल द्यायचे, रेफरन्सची खूण थेट ‘सॉर्ट’पुढे लिहिलेली चालत नाही. दुसऱ्यात महिरपी कंसाचा ब्लॉक लिहून त्यात फंक्शनला नेहमीसारखी हाक मारायची. मी ब्लॉक निवडला, कारण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला त्यात काही गूढ दिसणार नाही.

हे लिहीत असतानाच लक्षात येते आहे की इथे तुलना-फंक्शनची मुळात गरजच नाही. कोलेटचा ऑब्जेक्ट ‘गेटसॉर्टकी’ने प्रत्येक शीर्षकाची क्रमकिल्ली काढून देतो, आणि दोन किल्ल्यांची पर्लच्या साध्या ‘सीएमपी’ या तुलना-चिन्हाने केलेली तुलना त्याच्या स्वतःच्या तुलनेइतकीच बरोबर असते. ती किल्ली ‘पुस्तक’ क्लासमध्ये लेझी ॲट्रिब्यूट (गरज पडल्यावर एकदाच काढून ठेवलेले मूल्य) म्हणून ठेवली, तर प्रत्येक तुलनेला शीर्षक नव्याने उलगडावे लागणार नाही आणि मोठ्या यादीचा वेगही वाढेल. तेव्हा वरचा ब्लॉक तात्पुरता समजावा.

रोलच्या पॅकेजांबाबत एक जुनी युक्ती प्रचलित आहे: ‘यूज मू::रोल’च्या आधी आलेली फंक्शने रोलच्या मेथडींत धरली जात नाहीत, नंतर आलेली धरली जातात आणि रोल घेणाऱ्या प्रत्येक क्लासमध्ये उतरतात. ओळींच्या क्रमावर इतका भरवसा मला पटत नाही. एखाद्याने यूज-ओळी वर्णानुक्रमे लावल्या की सगळेच कोसळते. म्हणून रोलमध्येही ‘क्लीन’च ठेवले आहे.

पुढचा बेत मात्र बदलतो आहे. पर्ल ५.३८ पासून ‘बिल्टइन’ या अंगभूत मॉड्यूलमध्ये ‘एक्सपोर्ट_लेक्सिकली’ आहे, ज्यामुळे इम्पोर्ट झालेले नाव केवळ त्या व्याप्तीत (कोडच्या तेवढ्याच भागात) दिसते आणि सिम्बॉल टेबलात शिरतच नाही. मग पुसायचे काय आणि मेथड होणार काय? ‘साधने’च्या ‘इम्पोर्ट’मधून माझ्या फंक्शनांबरोबर ‘लिस्ट::युटिल’ची ‘सम०’ आणि ‘फर्स्ट’ही तशीच वाटता येतील, म्हणजे प्रत्येक क्लासमध्ये एकच यूज-ओळ पुरेल. (‘सम०’ अशासाठी की रिकाम्या कपाटाला ‘सम’ अनडेफ, म्हणजे ‘मूल्यच नाही’, असे उत्तर देते.) फाइलपुरत्या छोट्या मदतनिसांसाठी ‘माय सब’ आहेच, ते ५.१८ मध्ये आले आणि ५.२६ पासून प्रायोगिक राहिलेले नाही.

अडचण घरच्या सर्व्हरची आहे. तिथे डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यासोबत पर्ल ५.३६ येते. सिस्टिमच्या पर्लला हात लावायचा नाही हे ठरलेले असल्याने ‘पर्लब्रू’ या साधनाने ५.४० वेगळे बसवेन. तोपर्यंत सर्व्हरवरील शाखेत ‘क्लीन’ आणि लॅपटॉपवरील शाखेत लेक्सिकल इम्पोर्ट, असे दोन्ही चालू राहील. दोन्ही शाखांच्या चाचण्यांत मेथड म्हणून उघडी राहिलेली इम्पोर्ट शोधणारे ‘टेस्ट::क्लीननेमस्पेसेस’ आजच घातले. त्याने ‘कपाट’ला उत्तीर्ण केले आणि ‘वाचक’ क्लासमध्ये ‘ब्लेस्ड’ व ‘क्रोक’ उघडे पडलेले दाखवले, तेव्हा क्रमकिल्लीच्या आधी तोच क्लास हाती घेतो.