माटुंग्याच्या सावलीतून

मुंबईत पायी भटकावं असा भाग कोणता, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माटुंगा पूर्वचं नाव घेते. परवा पुन्हा जाऊन आले, मुद्दाम सकाळी लवकर.

स्टेशनाबाहेरच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, सांबारासाठीचे बारीक कांदे आणि केळीच्या पानांचे भारे आलेले होते. फुलवालीपाशी मी बराच वेळ रेंगाळले. अबोली आणि मोगरा आलटून पालटून देठाला देठ लावायचा, बोटातल्या दोऱ्याचा वेढा घालायचा आणि गाठ ओढायची. सुईचं कामच नाही. बघता बघता हातभर गजरा तयार!

नाश्ता १९४० पासून चालू असलेल्या कॅफे मद्रासमध्ये. रांग असतेच, पण ती भराभर सरकते. रसम वडा मागवाच. रसात मुरलेला वडा चमच्याने सहज तुटतो आणि मिऱ्याचा झटका मागाहून घशात जाणवतो. वर फिल्टर कॉफी. रामाश्रयचा शिराही तितकाच नावाजलेला, पण पोटात जागा उरायला हवी.

तिथून चालत फाइव्ह गार्डन्स गाठलं. वाटेत ऊन अंगावर येतच नाही, आणि ही सावली आपोआप पडलेली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या मुंबईला मोकळी हवा मिळावी म्हणून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचा हा भाग आखला. रुंद रस्ते, बेताच्या उंचीच्या इमारती, मध्ये बागा. शेजारच्या पारशी कॉलनीमागे ट्रस्टमधले अभियंते मंचेरजी जोशी यांची दृष्टी होती. या पाच बागांना त्यांचंच नाव आहे. आता जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहताहेत. घरं जुनी झाली की ती पाडावी लागतात, हे कळतं. पण इथली मोठी झाडं तुटली तर आपल्या हयातीत ती सावली परत मिळणार नाही. ती राखलीच पाहिजे.

दुपारी पुन्हा स्टेशनाजवळ, रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये. १९४२ पासूनची ही खानावळ पहिल्या मजल्यावर आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या, पापड, दही. वाढपी पान रिकामं राहू देत नाहीत. शेवटचा रसम-भात हाताने कालवूनच खा.