भिंतीतला कोनाडा

व्हिडिओ कॉल लागला की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, खिडकी तरी उघड." खिडकीच नाही, आई! आमचं घर टेकडीच्या पोटात आहे.

गावाचं नाव कूबर पिडी. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून उत्तरेला साधारण ८५० किलोमीटर. मी इथे नर्स आहे. १९१५ साली एका १४ वर्षांच्या पोराला इथे ओपल, म्हणजे रंग खेळणारं रत्न, सापडला आणि त्यापायी या उजाड माळावर गाव वसलं. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो, म्हणून बरीच माणसं दगडात कोरलेल्या 'डगआउट'मध्ये राहतात. आत बारा महिने २४ च्या आसपास, पंखासुद्धा लागत नाही. फक्त दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. नाइट ड्युटीनंतर एकदा झोपले ती थेट संध्याकाळी उठले, आणि सकाळ समजून चहा टाकला.

भाजी ट्रकने येते. कोथिंबीर माना टाकूनच उतरते, तरी मी घेते. जानेवारी २०२२ मध्ये पुराने महामार्ग तुटला, तेव्हा वाळवंटातल्या या गावाला लष्कराच्या विमानाने अन्न पोचवलं होतं. जुनी माणसं अजून तो किस्सा सांगतात. त्यामुळे डाळ-तांदूळ मी सहा महिन्यांचे भरून ठेवते, आजीसारखे.

दक्षिणेला ग्लेंडॅम्बो या पुढच्या वस्तीपर्यंत २५० किलोमीटर पेट्रोल पंप नाही. समोरून गाडी आली की चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. सुरुवातीला मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय. तो नमस्कार असतो! आता माझंही बोट आपोआप उठतं. सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हाही उठलं, लोक बघत राहिले.

गावाबाहेर मात्र जपून. जुन्या खाणींची भोकं उघडी पडलेली असतात. फोटो काढताना मागे सरकू नका, असं सांगणाऱ्या पाट्याच आहेत.

गेल्या महिन्यात देवघरासाठी भिंतीत कोनाडा करायचा ठरवलं. गावाच्या हद्दीत खाण खणायला बंदी आहे, घर 'वाढवायला' नाही, हा इथला लाडका विनोद. शेजारचे आजोबा ड्रिल घेऊन आले. जन्म खाणीत गेलेला माणूस. दोन तासांचं काम, पण पडलेलं प्रत्येक ढेकूळ उचलून त्यावर बॅटरी मारून बघायचे. "रंग दिसतो का बघतो," म्हणाले. संध्याकाळ झाली. भात-वरणावरसुद्धा गुलाबी धूळ.

शेवटी एक करडा, गुळगुळीत तुकडा निघाला. आजोबांनी थुंकी लावून तो फिरवला आणि मान हलवली. "पॉच." म्हणजे जातीने ओपलच, पण रंग न खेळणारा, बिनकिमतीचा. माझ्या हातात देऊन ते जेवायला बसले.

मी तो गणपतीशेजारी ठेवला. रात्री आईने स्क्रीनवर डोळे बारीक करून पाहिलं.

"शाळिग्राम कुठे मिळाला गं तिकडे?"

"भिंतीत," मी म्हटलं.