जॅकेट गळत नव्हतं

गेल्या जुलैत राजगडाला गेलो होतो. गुंजवण्यातून चोरदरवाज्याची वाट, पहिल्या पावलापासून पाऊस. पद्मावती माचीवर देवळात शिरून जॅकेट काढलं तर आतला टी-शर्ट पिळावा इतका ओला. जॅकेट तीन वर्षांचं, चांगले पैसे मोजून घेतलेलं, आत लेबलवर '10,000 मिमी / 10,000 ग्रॅम' छापलेलं. हे गळायला लागलं, आता नवीन घ्यायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

आमच्यातल्या एक ताई पंचवीस वर्षं सह्याद्रीत फिरतायत. त्या म्हणाल्या, "बाही जिभेला लावून बघ. खारट लागली तर पाऊस नाही, घाम आहे." लावून बघितली. खारट होती.

तरी मनाचं समाधान होईना. घरी आल्यावर जॅकेट उलटं केलं, खांद्याचा भाग बादलीवर झोळीसारखा धरला आणि त्यात दोन तांबे पाणी ओतलं. पंधरा मिनिटं तसाच धरून बसलो. कापडातून एक थेंब पडला नाही. फक्त डाव्या खांद्याच्या शिवणीपाशी, जिथे आतली चिकटपट्टी दोन बोटं उचकटली होती, तिथून पाणी हळूहळू पाझरत होतं. म्हणजे गळती होती ती एवढीच. अंगभर ओलं व्हायचं कारण दुसरंच होतं.

मग दुसरी परीक्षा. दोन स्टीलच्या पेल्यांत वाफाळतं पाणी घेतलं. एकावर साध्या प्लॅस्टिकच्या रेनकोटची टोपी ताणून रबरबँडने बांधली, दुसऱ्यावर जॅकेटची बाही. वर फ्रीजमधल्या थंड ताटल्या धरल्या. रेनकोटवरची ताटली कोरडी राहिली. जॅकेटवरच्या ताटलीवर अर्ध्या मिनिटात धुकं जमलं, बोटाने नाव लिहिता येईल इतकं. पाणी अडवणाऱ्या कापडातून वाफ बाहेर येताना मी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितली आणि खरं सांगतो, फार आनंद झाला.

हे होतं कसं? 1969 साली अमेरिकेत बॉब गोर यांनी तापवलेल्या पीटीएफईच्या कांडीला जोराचा हिसका दिला. पीटीएफई म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. कांडी तुटायच्या ऐवजी कितीतरी पट ताणली गेली आणि आत असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याच्या थेंबाला त्यातून वाट नाही, वाफेच्या कणाला आहे. पावसाळी जॅकेटांतलं मूळचं गोरटेक्स कापड ते हेच. माझ्या जॅकेटात मात्र पॉलीयुरेथेन या प्लॅस्टिकचा पातळ पडदा आहे. त्याला छिद्रं नाहीत. वाफेचे कण त्या पडद्यातच मुरतात आणि पलीकडच्या बाजूने बाहेर पडतात.

लेबलवरचे आकडे मी इतकी वर्षं नुसते मोठे म्हणून वाचत होतो. पहिल्या आकड्याचा अर्थ, दहा मीटर उंच पाण्याचा दाब कापड सोसतं. दुसऱ्याचा अर्थ, एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत दहा किलो वाफ बाहेर पडते. तासाला हिशोब केला तर साधारण 415 ग्रॅम, तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. चढणीवर माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. त्यात आपला पावसाळा. वाफ बाहेर जायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार आणि दमट हवी. हिमालयातल्या कोरड्या थंडीत हा फरक भरपूर असतो. जुलैत राजगडावर ढगातून चालताना बाहेरच हवा पाण्याने गच्च भरलेली, मग आतली वाफ जाणार कुठे? दुकानात हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

पण माझी खरी चूक वेगळी होती. तीन वर्षांत मी ते जॅकेट एकदाही धुतलं नव्हतं, धुतलं की 'वॉटरप्रूफ' जातं या समजुतीने. प्रत्यक्षात बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेप असतो. घामातलं तेल, माती, धूर यांनी तो झाकला जातो. मग थेंब घरंगळून न जाता कापडात जिरतात आणि कापड गडद, जड होतं. त्या ओल्या थरामुळे वाफेची वाट अडते, कापड गार पडतं आणि आतल्या बाजूला वाफेचं पाणी होतं. पडदा शाबूत असतो, पण घालणाऱ्याला वाटतं गळतंय.

रविवारी सकाळी सगळ्या चेन लावून, कोमट पाण्यात सौम्य लिक्विड साबणाने हाताने धुतलं. कॉलर आणि मनगटापाशी पाणी चहासारखं झालं. सॉफ्टनर अजिबात घातला नाही. स्वच्छ पाण्यातून चारदा काढलं, कारण साबणाचा अंश राहिला तर तोच पाणी ओढून घेतो. सावलीत वाळवलं, वर जुनं धोतर पसरून अगदी मंद इस्त्री फिरवली, वाफ बंद ठेवून. उष्णतेने तो लेप पुन्हा जागा होतो. नळाखाली धरलं तर पाठीवरून थेंब अळवाच्या पानावरून जावेत तसे गेले. खांदे मात्र अजून पाणी पीत होते, तिथे सॅकच्या पट्ट्यांनी लेप घासून गेला होता. तेवढ्यापुरता बाहेरून मारायचा स्प्रे आणला, फ्लोरिनची रसायनं नसलेला. ती रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. डोंगरात जायचं आणि तिथल्याच पाण्यात ती सोडायची, हे मला पटत नाही. या नव्या लेपांवर तेलाचा डाग लवकर बसतो, म्हणून धुवायचं थोडं जास्त वेळा, इतकंच. उचकटलेली शिवण स्पिरिटने पुसून शिवणीचा गोंद पातळ लावला आणि रात्रभर ठेवला.

त्याच झपाट्यात कपाटातलं दहा वर्षांचं जुनं जॅकेटही काढलं. त्याच्या आतल्या थराचे पांढरे पापुद्रे हाताला चिकटून आले. आपल्या दमट हवेत पॉलीयुरेथेन असं हळूहळू विरतं, विशेषतः ओलं घडी करून ठेवलं तर. त्याला इलाज नाही.

लहानपणी कोकणात मामाकडे लावणीला बाया इरलं घेऊन वाकलेल्या बघितल्यात. बांबूच्या कामट्या आणि पानं, पाठीवर छप्पर, खालून सगळं मोकळं. दिवसभर चिखलात राबायच्या आणि घाम वाऱ्यावर सुकायचा. ते आठवून आता चढणीवर काखेतल्या चेन पूर्ण उघड्या ठेवतो आणि पाऊस भुरभुर असेल तर जॅकेट सॅकमध्येच राहतं.

ऑगस्टच्या शेवटी पुन्हा त्याच वाटेने गेलो. माचीवर पोचलो तेव्हा सॅकखालची पाठ ओली होती, छाती आणि हात जवळजवळ कोरडे. ताईंनी बाही चाचपून नुसती मान हलवली. खांद्यांवर पट्ट्यांच्या जागी कापड पुन्हा गडद दिसायला लागलंय. तिथे स्प्रेचा आणखी एक हात द्यायचाय, पाऊस संपायच्या आत.