नीलची झोपडी आणि लातूरची बादली

आजचा मुक्काम अंदमानात, शहीद द्वीपावर, म्हणजे जुन्या नील बेटावर. बांबूची झोपडी, वर झावळ्या, एसी नाही. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमाराला बुडतो. आपल्याकडं चहाची वेळ ती इथं दिवे लावायची.

आधी पाण्याचं. बेटाच्या पोटात गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, दुधावरच्या साईसारखं. विहीर जास्त उपसली की खालचं खारं वर चढतं, मग साबणाला फेस येत नाही. 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आलेली बघितलेल्या लातूरकरांना एका बादलीत आंघोळ शिकवायला नको म्हणा!

मच्छरदाणी नुसती सोडून भागत नाही. चारी कडा गादीखाली खोचायच्या, तेही उजेड असताना. एक डास आत राहिला की रात्रभर तोच मालक.

जीन्स आणूच नका. आपल्याकडं मे महिन्यात तासाभरात वाळते, इथं दोन दिवस ओलीच. धपाटे पहिल्याच दिवशी संपवा, दमट हवेत लवकर आंबतात. शेंगदाण्याची चटणी टिकते.

ओहोटीला पोहायला उतरू नका, प्रवाळ उघडे पडतात आणि पाय कापतात. भरती-ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं कालची वेळ आज चालत नाही.

हवा बिघडली की बोट रद्द. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. आणि हो, नारळाखाली खुर्ची टाकू नका.